डिकीचा दुसरा खटका

माझा नवरा गेला तो रविवार होता. मी त्याच्यासाठी चिकू कुस्करून खोलीत नेला. त्याने तोंड उघडलं नाही. मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि जमिनीवर बसल्या. मग मी नणंदेला वापीला फोन केला.

त्याच्याविषयी लिहायला बसले की दुसऱ्या ओळीपाशी हात थांबतो. म्हणून हे गाडीविषयी लिहिते आहे. गाडीविषयी लिहिताना तो अधूनमधून येतो आणि जातो, तेवढं मला झेपतं.

डहाणूजवळ समुद्राकाठी नरपडला आमची चिकूची वाडी आहे. वाडीच्या कडेला घर, आणि घराच्या भिंतीला टेकवून पत्र्याचं छप्पर घातलेली गाडीची जागा. छप्पर अपुरं आहे. गाडीचं तोंड सावलीत राहतं आणि मागचा भाग दुपारभर उन्हात. त्याच्या खोलीची खिडकी गाडीच्या बरोबर वर उघडते. गाडी लहान आणि बरीच जुनी. ती चालवायला त्यानेच मला शिकवलं. शिकवताना तो कधी ओरडला नाही. मी गिअर चुकीचा टाकला की मुकाट्याने स्वतःचा गुडघा चोळायचा, जणू लागलं त्यालाच.

मी तलासरीच्या एका शाळेत मराठी शिकवते. तो आजारी पडला तेव्हा मी बिनपगारी रजा घेतली. त्या काळात गाडी फक्त दवाखान्यात जायची, एरवी उभी असायची, आणि वरचेवर तिची बॅटरी उतरायची. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरणारच, असं शेजारीपाजारी म्हणायचे आणि धक्का मारायला यायचे.

तो गेल्यानंतर मी पुन्हा कामावर जाऊ लागले. गाडी रोज तलासरीला जाऊन येऊ लागली. आता बॅटरी उतरायचं कारण नव्हतं. पण शनिवारी दुपारी आणून लावलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू व्हायची नाही. किल्ली फिरवली की आतून टक् असा एक आवाज यायचा, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावून विझायचे. मंगळवार ते शनिवार सगळं सुरळीत. सोमवार आला की टक्. दोन दिवस जोडून सुट्टी आली की तिसऱ्या सकाळी टक्.

समुद्राकाठी राहणाऱ्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, खारी हवा. मी गरम पाण्यात खायचा सोडा घालून बॅटरीची टोकं घासली, वर व्हॅसलीन चोपडलं. सोमवारी टक्. मग बॅटरी नवी घेतली. दोन सोमवार बरे गेले आणि तिसऱ्याला नवी बॅटरीही जुन्यासारखी वागली. माझी खोड अशी, की काही अडलं की छापलेलं शोधायचं. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, लहान मुलांना कुठे बसवावं ते आणि टायर कसा बदलावा तेसुद्धा. समासात एका ठिकाणी त्याने पेन्सिलीने खूण केली होती. पाहिलं तर ते पान गाडीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत असं सांगणारं होतं. खूण म्हणजे एक हसरा चेहरा होता.

त्याचं कारण असं. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला चिकू दगडासारखा असतो. तो पेंढ्यात, गोणपाटाखाली अढीत ठेवावा लागतो, तेव्हा चार-पाच दिवसांत पिकतो. माझ्या नवऱ्याने शोध लावला होता की उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तो याहून लवकर आणि सारखा पिकतो. त्याने डिकीत पेंढा अंथरला, वर गोणपाट टाकलं, आणि घरापुरते चिकू तिथे लावायला सुरुवात केली. सासूबाई तेव्हा चिडल्या होत्या. "सात पिढ्यांनी अढी घरात घातली, हा घालतो पेट्रोलच्या वासात." पुढे त्याच ती अढी सांभाळू लागल्या. आजारात त्याला बाकी काही जात नव्हतं तेव्हा डिकीतला चिकू चमच्याने जायचा. तो गेल्यावरही त्यांनी अढी मोडली नाही. माझ्या डब्यात रोज दोन चिकू असतात.

तलासरीला हायवेजवळ गाड्यांचं वायरिंगचं काम करणारा एक जण आहे. ट्रकवाले त्याच्याकडे येतात. बोलघेवडा, मराठीत सुरू करून गुजरातीत संपवणारा. शाळेतल्या सगळ्यांना तो टीचर म्हणतो, शिपायालासुद्धा.

"टीचर, हे करंट खातंय कोणीतरी," तो म्हणाला. "गाडी बंद असताना पण थोडा करंट जातो, घड्याळाला, रेडिओला. तेवढा चालतो. पण कोणी चोरून जास्त खात असेल तर बॅटरी बेसी जाय, बसून जाते."

"चोर कोण ते सापडेल?"

"सापडेल ने. ठेवा दोन दिवस. नवरा-बायकोच्या भांडणात पण दोन दिवस ठेवले की कळतं कोण खोटं बोलतं."

त्याने आधी रेडिओला दोषी ठरवलं आणि काढून ठेवला. मग दारांच्या लॉकवर संशय घेतला. गाडी दोन दिवस त्याच्याकडे राहिली, मी एसटीने डहाणूला आणि तिथून रिक्षाने घरी येत-जात राहिले. तिसऱ्या दिवशी त्याने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"शरीफ गाडी आहे तुमची," तो म्हणाला. "काही खात नाही, पीत नाही. तुमच्या घरीच काहीतरी असेल. घरी जाऊन रुसते."

मी हसले नाही. तो ओशाळला आणि रेडिओ परत बसवून दिला.

पुढचा सोमवार मला विसरता येत नाही. पहाटे सासूबाई मोरीपाशी बसल्या त्या उठेचनात. डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणाल्या. मी त्यांना धरून गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. टक्. त्या मागच्या सीटवर मान टाकून बसलेल्या, आणि मी किल्ली फिरवतेय. मग मी रस्त्यावर धावले. पहिली रिक्षा भरलेली होती. दुसरी थांबली. डॉक्टरांनी सांगितलं की साखर उतरली होती, वेळेवर आणलंत. वेळेवर हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी मात्र त्या दिवशी वर्गात गेले नाही.

नणंद संध्याकाळी वापीहून आली. ती माझ्या नवऱ्याहून मोठी. प्रेमळ आहे, पण तिचं प्रेम नेहमी घाईत असतं. आईचा हात हातात घेऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे असं चालायचं नाही. तू दिवसभर तलासरीला. घरात ही एकटी. दारात गाडी आहे ती शोभेची. आईला मी घेऊन जाते."

"गाडी दुरुस्त होईल, ताई."

"किती महिने ऐकतेय. तू पुस्तक वाचून गाडी नीट करणार का?"

"वायरमन बघतोय."

"गेल्या सोमवारी पण बघतच होता." मग तिचा आवाज खाली आला. "मी भाऊ घालवलाय. आता हिला काही झालं तर मी कुणाला बोलू? तुला बोलणार का मी?"

ठरलं ते असं, की महिनाभरात गाडीचा भरवसा झाला नाही तर आई वापीला जातील. सासूबाई सगळं ऐकत होत्या. लेक गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिच्याकडे चौथा मजला ना?"

"हो."

"मग तिथं खाली कोण चालतंय ते दिसत नसेल." एवढंच बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

मी त्यांच्या पोटची नाही. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही एकमेकींना जपून होतो, म्हणजे लांबून होतो. त्याच्या आजारात आम्ही दोघी एका खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. चादर बदलताना एकीने कूस वळवायची आणि दुसरीने ओढायची, हे आम्हाला न बोलता येऊ लागलं. आता त्या गेल्या असत्या तर त्या खाटेची आठवण असलेलं दुसरं माणूस माझ्याजवळ राहिलं नसतं.

पुढच्या रविवारी मी वायरमनला घरीच बोलावलं. गाडी घरी रुसते तर घरीच बघा, म्हटलं. तो स्कूटरवरून आला आणि फाटकाशी येऊन जोरात हॉर्न वाजवला. सासूबाई आणि मी, दोघी एकदम उठून उभ्या राहिलो. दोघींचाही हात हवेत वर गेला होता, त्याला थांबवायला.

माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यांत घरात आवाज होऊ द्यायचा नाही हा नियम होता. झोप त्याला फार थोडी मिळायची, ती दुपारची, आणि भांडं पडलं तरी मोडायची. मोडली की दुखणं सुरू. म्हणून आम्ही कुकर बंद केला, भात पातेल्यात शिजवू लागलो. दरवाजाच्या कडीला चिंधी बांधली. मावरं विकायला येणारी कोळीण गल्लीतून ओरडत यायची, ती आमच्या घरापाशी आली की गप्प होई आणि मागच्या दाराशी येऊन नुसती खोकायची. वाडीतला पंप आम्ही दुपारी लावत नव्हतो. आता तो नाही, पण कडीची चिंधी अजून आहे. भात अजून पातेल्यात होतो.

वायरमनने बॉनेट उघडलं. बॅटरीची काळी तार काढून मध्ये मीटर जोडला. "टीचर, इथे उभ्या राहा आणि आकडा वाचा. शाळेत कसं वाचता, मोठ्याने."

मीटरवर पॉइंट चारच्या वर आकडा होता.

"बघा," तो म्हणाला, "घरी बरोबर खातंय. पॉइंट शून्य तीन, चार असायला पाहिजे. हे दसपट आहे."

त्याने एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. एक काढायचा, माझ्याकडे बघायचा, मी आकडा सांगायचा, तो परत बसवायचा. हॉर्नचा काढला, आकडा तोच. रेडिओचा काढला, जरासा हलला. असं करत एक काढला आणि आकडा एकदम खाली आला.

"पकडला," तो म्हणाला. "आतल्या लाइटचा आहे हा."

पण आतला दिवा बंद होता. त्याने फ्यूज परत बसवून चारी दारं तपासली, दारांच्या कडेची बटणं दाबून बघितली. सगळं ठीक. मग मागे जाऊन डिकी उघडली. आत पेंढा, गोणपाट, त्याखाली चिकू. वर कोपऱ्यात नखाएवढा बल्ब पेटलेला होता. डिकी उघडली की तो पेटतो, लावली की विझतो, एवढंच त्याचं काम. त्याने डिकी धाडकन लावली. माझे खांदे आपोआप आक्रसले. मीटरवर आकडा खाली आला.

"गेला," मी म्हणाले.

त्याने पुन्हा उघडली, पुन्हा आपटली. आकडा वर आणि खाली. पाच-सहा वेळा केलं. दर वेळी बल्ब शहाण्यासारखा विझत होता. "आता नाटक करतोय," तो म्हणाला, पण त्यालाही कळत नव्हतं. म्हणाला, वायर कुठेतरी सैल असेल, मीटर असाच राहू द्या, थोडा वेळ गाडीला हात लावू नका.

सासूबाईंनी चहा आणला. तो ओट्यावर बसून बशीत ओतून प्यायला लागला. मी मीटरपाशीच उभी होते, कप हातात घेऊन. सासूबाई गाडीच्या मागे गेल्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि ही त्यांची चिकू बघायची वेळ होती. देठापाशी अंगठा लावून त्या एकेक चिकू दाबतात, मऊ झालेला पदरात घेतात. बॉनेट वर असल्याने मला त्या दिसत नव्हत्या. मला फक्त आकडा दिसत होता. डिकी उघडली तसा तो पॉइंट चारच्या वर गेला. पेंढ्याची खसखस ऐकू आली. मग खट् असा एक बारीक आवाज, डिकी लावल्याचा. सासूबाई पदर सावरत बाजूने पुढे आल्या आणि घराकडे गेल्या.

आकडा खाली आला नाही.

मी कप बॅटरीवर ठेवला आणि मागे गेले. डिकी लागलेली दिसत होती. हाताने उचलून पाहिली तर उघडली नाही. फक्त कडेला बोटभर फट होती, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसू नये अशी. मी वाकून त्या फटीला डोळा लावला. आत गोणपाटावर पिवळा उजेड पडला होता.

डिकीच्या कुलपाला दोन खटके असतात. पहिल्याला ती अडकते, दुसऱ्याला पूर्ण लागते. दुसऱ्या खटक्यासाठी आपटावी लागते. माझ्या सासूबाई डिकी पहिल्या खटक्यावर ठेवत होत्या. शाळेच्या आवारात मी वह्यांचा गठ्ठा काढा-ठेवायला ती उघडायची आणि आपटून लावायची, म्हणून मला कधी कळलं नाही. आठवडाभर तलासरीला असताना डिकी माझ्या हातची असायची. शनिवार-रविवार त्यांच्या हातची. तो आजारी होता तेव्हा रोजच त्यांच्या हातची होती.

मी वायरमनला खुणेने बोलावून दाखवलं. तो वाकला, बघितलं, आणि मांडीवर थाप मारून हसला. "अरे, आजी! चोर तुम्ही निघालात. इकडे या."

सासूबाई दारात आल्या. त्याने त्यांना सगळं समजावून सांगितलं, दिवा, खटके, बॅटरी. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे त्या सोमवारी गाडी माझ्यानं बंद पडली?"

"तुमच्याने नाही, आई, बल्बाने," मी म्हणाले.

"काही नाही आजी, एकदम सोपं आहे," तो म्हणाला. "अशी वर घ्यायची आणि द्यायची आपटून. गाडी काचेची नाही."

"ठाऊक आहे मला. लोखंडाची आहे." त्या पुढे झाल्या. डिकी वर घेतली आणि खाली आणली. झाकण वेगाने आलं, पण शेवटच्या वितीवर त्यांचा डावा तळवा आपोआप खाली गेला आणि त्याने ते झेललं. खट्. पहिला खटका.

"जोरात, आजी."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तळवा मध्ये आला. तिसऱ्यांदा त्यांनी डावा हात मुद्दाम पदरात गुंडाळून घेतला आणि उजव्याने झाकण धरलं. ते तसंच धरून त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं, आणि झाकण हळूच टेकवलं.

"जमत नाही रे," त्या वायरमनला म्हणाल्या. "वर माझा मुलगा झोपलेला असायचा."

तो आमच्या घरी पहिल्यांदाच आला होता. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. चहाची बशी त्याने उगीचच उचलून पुन्हा ठेवली.

"बल्ब काढला तर?" मी विचारलं.

"काढू शकतो. पण मग डिकीत अंधार राहील."

"चिकूला उजेड कशाला लागतो?" सासूबाई म्हणाल्या.

तो हसला, त्या थोड्या हसल्या, आणि मग मीही. त्या घरात आमचं हसणं बऱ्याच दिवसांनी मोठ्याने झालं. त्याने डिकी उघडली, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बल्बवरचं झाकण उचकटलं, बल्ब काढून माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता. मग सासूबाईंना म्हणाला, "आजी, आता लावा तुमच्या हिशोबाने." त्यांनी डिकी टेकवली. पहिला खटका. मी मीटरकडे गेले. पॉइंट शून्य तीन.

जाताना सासूबाईंनी त्याला पिशवीभर चिकू दिले. फाटकापर्यंत त्याने स्कूटर हाताने ढकलत नेली आणि रस्त्यावर गेल्यावर सुरू केली.

त्यानंतरच्या सोमवारी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. त्याच्या पुढच्याही. मी नणंदेला फोन करून सांगितलं. ती विचारत राहिली, नक्की काय होतं, कोणता पार्ट, पुन्हा होणार नाही कशावरून. मी तिला खटक्याचं सांगितलं, आईच्या तळव्याचं सांगितलं. पलीकडून वापीच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"ती अजून तशीच लावते?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तू?"

मी रोज काय करते ते तिला सांगितलं नाही. सकाळी निघताना मी गाडी मागे घेते, फाटकाबाहेर काढते, सुरूच्या झाडांपर्यंत नेते. तिथे उतरून, वाटेत उघडू नये म्हणून, डिकी दुसऱ्या खटक्यावर आपटते आणि मग तलासरीचा रस्ता धरते. तिला एवढंच म्हणाले, "माझंही चाललंय."

"मग राहू दे तिला तिथेच," नणंद म्हणाली. "मी महिन्यातून एकदा येत जाईन. आणि चिकू ठेवा माझ्यासाठी."

ती येते. आली की आईच्या खोलीत झोपते, आणि सकाळी दोघी मिळून अढी बघतात. सासूबाई वापीला गेल्या नाहीत. घरात आम्ही दोघी असतो, गाडी दारात असते, आणि तिच्या डिकीत बल्ब नाही.